दादाला काचबिंदू निघाला, आता आम्हा बाकीच्या भावंडांचं काय?

सुरंगी

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. दादा-वहिनी घरी राहून आगर बघतात. मी डोंबिवलीत, ताई पनवेलला, धाकटा भाऊ नोकरीनिमित्त गुजरातेत.

दादा वाचायचा चष्मा बदलायला म्हणून चिपळूणला गेला होता. तिथे डोळ्यांचा दाब मोजला तर उजव्यात २८, डाव्यात ३१ निघाला. साधारण १० ते २१ असायला हवा म्हणतात. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस बघितली, फील्ड टेस्ट (बाजूचं कुठवर दिसतं ते मोजणारी) केली आणि काचबिंदू, म्हणजे ही नस हळूहळू खराब होऊन नजर जाण्याचा आजार, असल्याचं सांगितलं. डाव्या डोळ्याची नस बरीच खराब झालीय, उजव्यातही सुरुवात आहे. दादा ५३ वर्षांचा. दुखणं नाही, लाली नाही, पेपर आजही सरळ वाचतो.

फील्ड टेस्टचा कागद वहिनीने मला फोनवर पाठवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात खालच्या बाजूला, नाकाकडे, काळा पट्टा. तो बघून तिच्या लक्षात आलं की हल्ली पाखाडी उतरताना दादा पायाने पायरी चाचपतो, पाटाच्या कडेने चालताना मध्येच पाय पाण्यात जातो. सगळ्यांना वाटत होतं गुडघ्याचं असेल.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला होता का?" दादा म्हणाला, नाही. पण आमचे आजोबा शेवटची काही वर्षं पूर्ण आंधळे होते. मोठी आत्या साठीतच भिंत धरून चालायची. दोघांनाही "मोतीबिंदू पिकला असेल, वय झालं" म्हणून कुणी दवाखान्यात नेलं नाही. म्हणजे घरात नव्हता असं नाही, कुणी बघितलंच नाही.

माझे प्रश्न असे:
रक्ताची जनुकीय चाचणी करून घ्यावी का? दादाची मुलं २२ आणि १८ वर्षांची आहेत, त्यांचं आत्ताच बघायचं का? आणि आम्ही तिघं भावंडं, चुलत भावंडं, सगळी मिळून बरीच माणसं आहोत. सगळे एकत्र सापडतात ते फक्त गणपतीत. तेव्हाच सगळ्यांचे डोळे तपासून घ्यावेत असं माझ्या मनात आहे. काकू मात्र म्हणते, "घरात आंधळेपण आहे अशी वाच्यता करू नकोस, मुलींची लग्नं व्हायचीत." यावरही बोला.

चिपळूणचा चष्मेवाला

सुरंगीताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा आहे, डॉक्टर नाही. पण हे रोज बघतो म्हणून लिहितो.

तुमचा गणपतीतला बेत उत्तम आहे. माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. त्याला आधार सांगतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काचबिंदूच्या रुग्णांच्या भावंडांना आणि मुलांना नुसतं विचारलं नाही, प्रत्यक्ष बोलावून तपासलं. या नातेवाइकांना आयुष्यभरात काचबिंदू होण्याचा धोका २२ टक्के निघाला. ज्यांना काचबिंदू नव्हता त्यांच्या नातेवाइकांत तो २.३ टक्के. म्हणजे जवळजवळ नऊ-दहा पट. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीतही भावंडांचं नातं आई-वडिलांच्या किंवा मुलांच्या नात्यापेक्षा जास्त जड ठरलं. त्यामागे एक साधं कारण असू शकतं. भावंडं त्याच वयाची असतात, मुलांचं वय अजून व्हायचं असतं.

"घरात कुणाला होता का" या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक जण "नाही" म्हणतो. आपल्या देशात दक्षिणेकडे गावोगाव ज्या मोठ्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू सापडलेल्या दहापैकी साधारण नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीत नव्हतं. मग त्यांच्या मुलांनी कुठून सांगावं?

तपासणी म्हणजे काय काय, ते सांगतो, कारण "डोळे तपासले" म्हणून लोक नुसता नंबर काढून येतात.
दाब. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची जाडी, कारण कॉर्निया पातळ असेल तर मशीन दाब कमी दाखवतं आणि पातळ कॉर्निया हा स्वतःच एक धोका आहे, तोही घराण्यात चालतो. कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा, काच लावून बघणं. यालाच गोनिओस्कोपी म्हणतात. आणि बाहुली मोठी करून नस. यातलं काही संशयास्पद दिसलं तर फील्ड आणि ओसीटी, म्हणजे नसेच्या थराची जाडी मोजणारं स्कॅन.

नुसत्या दाबावर कुणाला पास करू नका. दाब २१ च्या आत असूनही नस खराब होणारे पुष्कळ रुग्ण आशियात आहेत.

कोकणकन्या९०

मी हल्लीच थुंकीचं किट मागवून डीएनए टेस्ट केली. त्यात काचबिंदूचा धोका "सरासरीपेक्षा कमी" आला. माझ्या आईला काचबिंदू आहे. म्हणजे मी निर्धास्त राहायचं ना? सुरंगीताई, तुम्ही पण सगळ्यांसाठी किट मागवा. गणपतीत दवाखान्याच्या रांगेत बसण्यापेक्षा सोपं.

अबोली

@कोकणकन्या९०, कृपया निर्धास्त राहू नका. मी रेण्वीय जीवशास्त्रात काम करते, मूळची लांज्याची. जरा सविस्तर लिहिते, कारण या एका गोष्टीवर लोकांची फसगत होते.

काचबिंदूच्या जनुकांचे ढोबळमानाने दोन प्रकार धरा. पहिल्या प्रकारात एकच जनुक बिघडतं आणि ते एकटं रोग घडवतं. त्यातलं सगळ्यात माहितीचं मायोसिलिन. १९९३ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या गटाने एका मोठ्या घराण्यात, जिथे तरुणपणीच काचबिंदू व्हायचा, त्याचा माग पहिल्या गुणसूत्रापर्यंत नेला आणि १९९७ साली ते जनुक नेमकं सापडलं. बिघडलेलं मायोसिलिन प्रथिन नीट घडी पडत नाही म्हणून पेशीबाहेर जात नाही, आतच साचतं. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून झिरपून बाहेर जातं त्या जाळीच्याच या पेशी. त्या आजारी पडल्या की मोरी तुंबावी तसं पाणी अडतं आणि दाब चढतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून बिघडलेली प्रत आली तरी पुरते, म्हणून प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. पण मोठ्या माणसांच्या नेहमीच्या काचबिंदूत हे जनुक फक्त २ ते ४ टक्के रुग्णांत सापडतं. चाळिशीच्या आत, दाब खूप चढलेला आणि घरात तीन पिढ्या रांगेने, असं असेल तेव्हा ते शोधण्यात अर्थ आहे.

दाब न चढता होणाऱ्या काचबिंदूत २००२ साली ऑप्टिन्यूरिन आणि २०११ साली टीबीके१ ही जनुकं पुढे आली. दोन्ही नसेच्या पेशींची आतली साफसफाई बघतात. तीही थोड्याच घराण्यांत.

दुसरा प्रकार म्हणजे बहुसंख्यांचा. इथे एक जनुक नाही, शेकड्याने बारीक फरक आहेत आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. २०२१ साली ३४ हजारांहून अधिक रुग्णांचा डीएनए तपासून जो जागतिक अभ्यास आला, त्यात अशा १२७ जागा निघाल्या. काही जागा दाबाशी निगडित, काही नसेच्या ठेवणीशी. हे सगळे फरक मोजून एक बेरीज करतात, तिला बहुजनुकीय गुणांक म्हणतात. २०२० नंतर या गुणांकाने खरंच चांगलं काम दाखवलंय, वरच्या टोकाच्या लोकांत रोग लवकर येतो हेही दिसलंय. पण तो प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला आहे. आपल्या लोकांवर तो तसाच लागू पडेल असं धरून चालता येत नाही. शिवाय घरगुती किटं बहुतेक वेळा मोजक्याच जागा बघतात.

तुमच्या आईला काचबिंदू आहे ही बातमी त्या किटपेक्षा कितीतरी जड आहे. किटचा कागद बाजूला ठेवा आणि नस दाखवून या.

सुरंगी

अबोलीताई, खूप आभार. म्हणजे दादाच्या बाबतीत जनुकीय चाचणी पहिल्यांदा नको, असं समजू का? वय ५३ आहे, पण आजोबा आणि आत्या धरले तर तीन पिढ्या होतात.

अबोली

सुरंगीताई, आधी भावंडांचे डोळे बघा. त्यात कुणी चाळिशीच्या आत सापडलं, किंवा दादाच्या मुलांपैकी कुणाचा दाब आत्ताच चढलेला निघाला, तर मात्र चाचणीचा विचार करा. तीही आधी दादाचीच करायची. आजारी माणसात बिघाड सापडला, तरच इतरांमध्ये तोच बिघाड शोधता येतो. दादात काही नाही सापडलं तर बाकीच्यांच्या "निगेटिव्ह"ला काही अर्थ राहत नाही, कारण मुळात काय शोधतोय तेच ठाऊक नसतं. मदुराईचं अरविंद, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे डोळ्यांच्या जनुकीय आजारांवर बरंच काम चालतं. तिथे चाचणीआधी नीट समजावून सांगणारी माणसं भेटतात. नुसता रिपोर्ट हातात पडण्यापेक्षा ते महत्त्वाचं.

मुलांचं म्हणाल तर २२ आणि १८ व्या वर्षी एकदा दाब आणि नस बघून नोंद करून ठेवा. पुढे कधी शंका आली तर तुलनेला उपयोगी पडेल. दर किती वर्षांनी ते डॉक्टर ठरवतील.

तिठ्यावरचा

मालवणहून. आमच्या घरचा प्रकार वेगळा, पण लिहायला हवा, कारण वर सगळे न दुखणाऱ्या काचबिंदूबद्दल बोलतायत.

माझ्या आजयेक एका रातीक डोक्यात भयंकर दुखूक लागला, उलट्यो झाल्यो. ती सांगी, "माका दिव्याच्या भोवती रंगीत कडी दिसतत." घरच्यांका वाटला पित्त. सुंठ-साखर दिली. सकाळी डोळो लाल आणि समोर सगळा धुरकट. कुडाळाक नेईपर्यंत दोन दिवस गेले, तो डोळो परत इलो नाय.

तो कोन बंद होण्याचा काचबिंदू. पुढे माझ्या आईला आणि मावशीला तपासलं तेव्हा दोघींचे कोन अरुंद निघाले. डॉक्टरांनी सांगितलं की छोटा डोळा, पुढची जागा उथळ, ही ठेवण घराण्यातून येते. बायकांत जास्त, वयाबरोबर भिंग जाड होतं तसा कोन आणखी आवळतो. दूरच्या नंबराचा प्लसचा चष्मा तरुणपणापासून असणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. दोघींना लेझरने बुबुळात बारीक छिद्र पाडून दिलं, थोड्या वेळाचं काम.

आता आमच्याकडे सर्दी-खोकल्याचं औषध आणतानाही दुकानदाराला डोळ्यांचं सांगतात. काही औषधांनी बाहुली मोठी होते आणि अरुंद कोनाच्या माणसाला झटका येऊ शकतो.

चिपळूणचा चष्मेवाला

तिठ्यावरच्या दादांनी लिहिलंय ते लाखमोलाचं. डोकं, डोळा, उलटी आणि दिव्याभोवती रंगीत वलयं हे चार एकत्र आले तर पित्त समजून झोपू नका. त्याच रात्री गाडी काढा. पावसात रस्ता कसा असतो ते माहीत आहे, तरी काढा.

एक भर. प्रत्येक अरुंद कोनाला लेझर हवंच असं नाही. चीनमध्ये ग्वांगझौला एक मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निष्कर्ष आले. लेझर केलेल्या डोळ्यांत पुढचा त्रास निम्म्याच्या जवळपास कमी झाला, पण लेझर न केलेल्यांतही तो फारच थोड्यांना झाला. तेव्हा कोन किती आवळलाय, घरात झटका आलेलं कुणी आहे का, रात्री-अपरात्री दवाखाना किती लांब, हे बघून ठरवतात. आपल्याकडे शेवटचा मुद्दा मोठा आहे.

मधली सून

काकूंच्या म्हणण्यावर लिहिते. मला त्यांचा राग आला नाही, कारण माझ्या माहेरी हेच झालं. माझ्या मोठ्या बहिणीचा दाब विशीतच वाढलेला होता. थेंब सुरू केले आणि स्थळं बघायची वेळ आल्यावर बंद केले, कारण पाहुण्यांसमोर बाटली दिसायला नको. लग्नानंतरही सासरी सांगितलं नाही. आज तिला एका डोळ्याने फक्त समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं काही नाही. आणि तिला दोन मुली आहेत, त्यांना अजून कुणी तपासलेलं नाही, कारण तपासायला नेलं तर सांगावं लागेल.

हे लिहायला मला सोपं नाही. पण सुरंगी, तू बोल. लपवून जे वाचवायला गेलो त्याच मुलीचं नुकसान होतं.

सुरंगी

मधली सून, तुझं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुझ्या भाच्यांना ने. कुणाला काही न सांगता, "शाळेचा चष्मा बघायचाय" म्हणून ने. निदान दाब आणि नस बघितली जाईल.

काकूला मी असं सांगायचं ठरवलंय: आमच्या घरात मधुमेह आहे, तो आम्ही लपवत नाही, याचंही तसंच. वेळेत सापडला तर थेंबांवर माणूस आयुष्यभर नजर टिकवून राहतो. लपवण्यासारखी गोष्ट आंधळेपण आहे, आणि ते तर तपासल्याने टळतं.

बाणकोट

मी एका लहान मुलाची आई. आमच्या मुलाला जन्मतःच काचबिंदू होता. तो पाच महिन्यांचा असताना उजेडात डोळे घट्ट मिटायचा, सारखं पाणी यायचं, आणि डोळे मोठे, टपोरे दिसायचे. सगळे म्हणायचे, किती सुंदर डोळे. बुबुळावर निळसर धूसर पडदा आला तेव्हा मुंबईला नेलं. लगेच ऑपरेशन झालं, दुसरं काही महिन्यांनी. आता तो शाळेत जातो, चष्मा आहे, दाब ताब्यात आहे.

आमचं लग्न नात्यातलं, मी मामाची मुलगी. जनुकीय चाचणीत आम्हा दोघांकडे एक-एक बिघडलेली प्रत निघाली. आम्हा दोघांना काहीच नाही. अबोलीताई, हे जरा समजावून लिहाल का? माझ्या धाकट्या नणंदेचंही नात्यात जमवायचं चाललंय.

अबोली

बाणकोटताई, तुम्ही वेळेत नेलंत म्हणून त्याची नजर राहिली.

जन्मजात काचबिंदूत आपल्या देशात सगळ्यात जास्त वेळा जे जनुक सापडतं ते सीवायपी१बी१, तेही १९९७ सालीच कळलं. याच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. एक प्रत बिघडलेला माणूस ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघांकडे एक-एक बिघडलेली असेल तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, प्रत्येक वेळी नव्याने. पहिलं झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं.

नात्यातल्या लग्नात दोघांना आजी-आजोबांकडून एकच बिघाड मिळालेला असण्याची शक्यता वाढते, त्यामुळे जिथे अशी लग्नं जास्त तिथे हा आजारही जास्त. पाश्चात्त्य देशांत साधारण १० हजार जन्मांमागे एक असं प्रमाण सांगतात, आंध्रातल्या पाहणीत ३,३०० मागे एक निघालं होतं.

तुमच्या नणंदेच्या बाबतीत: तुमच्या घरातला नेमका बिघाड आता माहीत आहे. तेव्हा तिची आणि त्या मुलाची तेवढीच एक जागा तपासायची, स्वस्तात आणि नक्की उत्तर मिळतं. जनुकीय चाचणी डोळे झाकून करावी असं जर कुठे म्हणता येत असेल तर ते इथे. लग्न मोडायचं म्हणून नव्हे, जमल्यावर गर्भारपणात आणि बाळ जन्मल्यावर कुठे लक्ष ठेवायचं ते कळावं म्हणून.

आणि सुरंगीताईंच्या घरातला आजार हा नव्हे. तिथे हे जनुक शोधत बसू नये.

दर्यावर्दी

हर्णैचा. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. वडिलांना आणि त्यांच्या मोठ्या भावाला काचबिंदू. डॉक्टर म्हणाले भिंगावर पांढरी पापुद्र्यासारखी भुकटी साचते, त्यातून झालेला. समुद्रावर उन्हात राहून होतो की रक्तातून येतो? बंदरात अजून दोन-तीन म्हाताऱ्यांना तसंच सांगितलंय.

अबोली

दर्यावर्दीदादा, दोन्हींतून. याला स्यूडोएक्सफोलिएशन म्हणतात. २००७ साली आइसलंडच्या संशोधकांनी एलओएक्सएल१ नावाचं जनुक शोधलं; डोळ्यातले लवचीक धागे विणण्याचं काम त्याचं. पण अडचण अशी की धोक्याचा तो फरक बहुतेक रुग्णांत असतो तसाच निरोगी माणसांतही मोठ्या संख्येने असतो. शिवाय युरोपात त्यातला जो फरक धोक्याचा, तो जपानी लोकांत उलट निघाला. म्हणून चाचणी करून काही हाती लागत नाही.

उन्हाचं मात्र खरं आहे. अमेरिका आणि इस्रायलमधल्या लोकांवर झालेल्या अभ्यासात उन्हात घालवलेली वर्षं, आणि विशेषतः पाण्यावर किंवा बर्फावर काम करणं, यांचा याच्याशी संबंध दिसला. पाण्यावरून परतणारा उजेड खालून डोळ्यात शिरतो. रुंद टोपी आणि बाजूने झाकणारा गॉगल, मुलं होडीवर जायला लागतात त्या वयापासून. आणि या प्रकारात दाब झपाट्याने चढतो, म्हणून तुम्ही भावांनी पन्नाशीची वाट बघू नका.

निवृत्त मास्तर

मी स्वतः रुग्ण आहे, नोकरीत असल्यापासून थेंब घालतो. वडिलांना होता, धाकट्या भावाला आहे. मुलगा तपासणीत आहे, अजून काही नाही. थेंबांबद्दल लिहितो, कारण निदान झाल्यावर इथेच लोक ढिले पडतात.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचं. औषध घशात उतरत नाही, डोळ्यात राहतं. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. टिमोलॉलचे थेंब असतील तर दमा किंवा मंद नाडी आहे का ते डॉक्टरांना आधी सांगायचं. लॅटानोप्रोस्टच्या बहुतेक बाटल्या उघडण्याआधी थंड ठेवाव्या लागतात. आमच्याकडे पावसाळ्यात दिवस-दिवस वीज नसते, म्हणून मी एका वेळी एकच बाटली आणतो. उघडली की चार आठवड्यांत संपवायची, उरली तरी टाकायची.

सुट्टीवर गावी आलेली माणसं बाटली मुंबईला विसरून येतात आणि "आठ दिवसांनी काय होतंय" म्हणतात. नसेला सुट्टी कळत नाही. गावात मेडिकलमध्ये मागवून ठेवा.

आणि शीर्षासन करणाऱ्यांनी थांबावं. उलटं झाल्यावर डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. सकाळी उठल्या उठल्या तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर तेच पाणी थोडं थोडं प्यावं.

चिपळूणचा चष्मेवाला

मास्तर, नमस्कार. एक गोष्ट राहून जात होती, ती लिहितो. घरात काचबिंदू आहे अशा सगळ्यांनी नीट वाचा.

पावसाळ्यात डोळे येतात, उन्हाळ्यात मुलांचे डोळे चुरचुरतात. मेडिकलमधून थेंब आणले जातात. त्यात पुष्कळदा स्टेरॉईड असतं. लाली तासाभरात जाते म्हणून तीच बाटली घरात सगळ्यांना, पुढच्या वर्षीही. सर्वसाधारण माणसांत साधारण तिघांत एकाचा दाब काही आठवडे स्टेरॉईड घातल्यावर थोडाफार वाढतो, काहींचा फार वाढतो. ज्यांना काचबिंदू आहे त्यांच्यात बहुतेकांचा वाढतो, आणि त्यांच्या मुला-भावंडांतही हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त. माझ्याकडे नववीतला मुलगा आला होता. डोळे खाजतात म्हणून दोन वर्षं असे थेंब चालू, आजोबांना काचबिंदू. दाब ४० च्या वर आणि नस पांढरीफटक.

बाटलीवरच्या बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय घालू नका. दम्याचा पंप किंवा त्वचेचं मलम बरेच दिवस चालू असेल तर तेही सांगा. तुमच्या जनुकांवर तुमचा हात चालत नाही, या बाटलीवर चालतो.

अबोली

याला जोडून: मायोसिलिन हे प्रथिन मुळात संशोधकांच्या नजरेत भरलं ते यामुळेच. जाळीच्या पेशींना स्टेरॉईड दिलं की त्या हे प्रथिन भराभर बनवायला लागतात. स्टेरॉईडने दाब वाढण्याचं पूर्ण कारण त्या एका जनुकात नाही, पण घराण्याचा वाटा आहे हे नक्की.

सुरंगी

मंडळी, ठरलं ते लिहिते. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत दवाखान्यात सगळ्यांची वेळ घेतलीय. गौरी जेवल्या की जो तो परतीची गाडी पकडतो, म्हणून आधीच. बाहुली मोठी केल्यावर काही तास गाडी चालवता येत नाही, तेव्हा वहिनीचा भाचा रिक्षा घेऊन येणार आहे. मखराचं काम त्या दिवशी संध्याकाळी.

मी वहीत वंशावळ काढलीय. कोणाची दृष्टी गेली, कोणत्या वयात, झटका येऊन की हळूहळू, चष्मा मायनसचा की प्लसचा, दमा, मधुमेह. आत्याच्या मुलींनाही कळवलं, त्या देवरुखला आहेत. थोरली पहिल्यांदा गप्प झाली, मग म्हणाली की तिला रात्री गाडीचे दिवे आल्यावर बाजूचा माणूस दिसत नाही. तिला आम्ही गणपतीपर्यंत थांबवलं नाही, या सोमवारीच जाते आहे.

काकू अजून नाराज आहे. पण परवा मला हळूच विचारलं, "माझे पण बघतील का गो?"

एकच शेवटचा प्रश्न. धाकट्या भावाने तिकडे गुजरातेत ओसीटी करून घेतलीय. चिपळूणला पुन्हा करायला लागेल का? आकडे जुळतात का?

चिपळूणचा चष्मेवाला

वेगवेगळ्या कंपन्यांच्या ओसीटी मशीनचे आकडे एकमेकांशी थेट लावता येत नाहीत, जाडी मायक्रॉनमध्ये असली तरी. तो रिपोर्ट फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. पण पुढची तुलना ज्या मशीनवर करायची त्याच मशीनवर पहिली ओसीटी हवी. भाऊ वर्षातून एकदा जिथे हमखास असतो तिथे करा. तो जर गुजरातेतच राहणार असेल तर तिकडचीच धरून चालू द्या, इकडे फक्त दाब, कोन आणि नस बघून घ्या. फील्ड टेस्ट मात्र पहिली जमतेच असं नाही. हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, ठिपका दिसला की बटण दाबायचं याची सवय लागते. पहिला कागद खराब आला तर घाबरू नका, दुसऱ्यांदा करा. सगळ्यांचे कागद एका फाईलमध्ये, नावं आणि तारखा घालून. आणि देवरुखच्या ताईंचं काय झालं ते इथे कळवा.